अंगणातला अनंत हलवायचा की राहू द्यायचा

पावसाळा तोंडावर आला की मला ओळखीतून एकदोन फोटो तरी येतातच. फोटोत एखादी माणसाएवढी जास्वंद नाहीतर कण्हेर, आणि खाली मेसेज, "ताई हे उचलून मागच्या बाजूला लावायचंय, कसं करू?" मी उलट विचारते की का उचलायचंय, तर बराच वेळ उत्तरच येत नाही. म्हणजे कुदळ काढून झालेली असते, माळीकाकांना रविवारी बोलावून झालेलं असतं, फक्त हलवायचं का हे ठरवायचं राहिलेलं असतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. मी काही हॉर्टिकल्चर शिकलेली नाही, पुण्यात रो हाऊसच्या पुढेमागे जेवढी माती आहे तेवढीच माझी बाग, पण त्यात आजवर पाच मोठी फुलझाडं हलवून झालीत, चार जगली आणि एक माझ्या घाईमुळे गेलं, त्याचंही सांगते.

पायरी १: कारण तपासा

माझ्या बघण्यात कारणं तीन प्रकारची असतात. पहिलं म्हणजे झाडाला तिथे राहताच येणार नाही, कंपाउंड वॉल सरकणार आहे, ड्रेनेज लाइन टाकायचीय, अंगणात पेव्हर ब्लॉक बसणार आहेत किंवा अख्खी सोसायटीच रिडेव्हलपमेंटला गेलीय. इथे 'हलवू का' हा प्रश्नच नाही, हलवा नाहीतर ते तुटणारच आहे, त्यामुळे जगण्याची शक्यता कमी असली तरी प्रयत्न करायला काही हरकत नाही. दुसरं, झाडाला ती जागा मानवत नाहीये. शेजारी सात मजले उभे राहिले आणि सहा तासांचं ऊन दीड तासावर आलं असं काहीतरी. हे कारण खरं असतं पण तपासून घ्यावं लागतं. तिसरं, झाड ठीक आहे पण आपल्यालाच ते तिथे नकोय, खिडकी झाकतं, गाडी लावताना आरशाला लागतं, वगैरे. तिसऱ्या कारणावर दहातल्या नऊ वेळा उपाय एकच, सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. तगर, जास्वंद, कण्हेर, कामिनी ही सगळी झाडं सणसणीत छाटणी सोसतात, गुडघ्यापर्यंत आणली तरी पावसाळ्यात परत फुटतात, त्यासाठी मुळापासून उपटायचं काही कारण नाही.

आणि एक चौथं कारण, जे लोक सगळ्यात जास्त सांगतात, "फुलंच येत नाहीत हो." याच्यावर झाड हलवू नका, प्लीज. मोगरा फुलत नाही तर बघा की जानेवारीच्या आसपास छाटला होता का, ऊन किती मिळतं, की नुसतं शेणखत आणि पाणी देऊन पानंच वाढवलीत. बोगनवेल फुलत नाही तर बहुतेक वेळा तिला पाणी जास्त होतंय, जरा कोरडी पडू द्या म्हणजे रागाने फुलते. जास्वंदीच्या कळ्या गळतात तर पानांच्या मागे आणि शेंड्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असतो का ते बघा, कारण झाड हलवलंत तर तोही झाडाबरोबर नव्या जागी राहायला येणार.

आता आमच्या अनंताचं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आईने लावलेला, वीसेक वर्षांचा, माझ्या खांद्याच्या वर. दोन वर्षांपासून पानं पिवळी पडत होती आणि कळ्या बोटभर होऊन गळत होत्या. आईचं ठाम मत, "त्याला भिंतीजवळ गुदमरतंय, मागे न्या." मी एक पान तोडून उजेडात धरलं तर पान पिवळं पण शिरा हिरव्यागार, अगदी कुणी हिरव्या पेनने रेघा मारल्यासारख्या. म्हणजे लोह मिळत नव्हतं. अनंताला आम्लधर्मी माती लागते, आणि आम्ही त्याच्या आदल्या दिवाळीत भिंतीला नवं प्लास्टर केलं होतं, त्याचा सिमेंटचा राडा गवंड्यांनी झाडाच्या बुडाशीच ढकलला होता, वरून बोअरचं जड पाणी. तो राडा खरवडून काढला, टाकीतलं पालिकेचं पाणी सुरू केलं, चिलेटेड आयर्न पानांवर फवारलं (नुसतं हिराकस, म्हणजे साधं फेरस सल्फेट, अशा चुनखडीच्या मातीत फारसं लागू पडत नाही, मातीतच अडकून बसतं) आणि तीन आठवड्यांत नवी पालवी हिरवी आली. हलवायची गरज संपली. नंतर त्याच भिंतीच्या कडेने ड्रेनेजचं काम निघालं आणि हलवावा लागलाच ती गोष्ट वेगळी, पण तेव्हा तो तब्येतीने धट्टाकट्टा होता हे महत्त्वाचं. आजारी झाड हलवणं म्हणजे तापातल्या माणसाला एसटीने गावी नेण्यासारखं आहे.

पायरी २: झाड कोणतं आहे त्यावर अर्धा निर्णय होतो

काही झाडं मुळं तुटली तरी मनावर घेत नाहीत. तगर, जास्वंद, कण्हेर, रातराणी, मोगरा ही त्यातली. मोगऱ्याचं तर जुनं ठोंब एक फुटावर छाटून, मातीसकट उचलून लावलं की पावसाळ्यात महिन्याभरात फुटतं. कण्हेर मात्र हाताळताना हातमोजे घाला, झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, छाटलेल्या फांद्या जाळायच्या नाहीत आणि चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही, घरात कुत्रं-मांजर-लहान मूल असेल तर कचरा लगेच गोळा करा. गुलाबही हलतो, फक्त त्याचा वेळ वेगळा, दसरा-दिवाळीच्या मधे आपण छाटणी करतोच तेव्हा.

देवचाफा तर हलवायचाच नाही. हातभर फांदी कापायची, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत आडवी टाकायची आणि नव्या जागी खोचायची. एवढं सोपं असताना लोक जेसीबी बोलावतात.

नखरेवाले म्हणजे अनंत, एक्झोरा, सोनचाफा आणि बोगनवेल. सोनचाफ्याची मुळं मांसल असतात, तुटली की कुजायला वेळ लागत नाही, आठ-दहा फुटांच्या पुढचा सोनचाफा मी तरी हलवायला सांगणार नाही. बोगनवेल दिसते दणकट, उन्हातान्हात भिंतीवर चढून बसलेली, पण तिची मुळं बारीक आणि ठिसूळ, माती धरून ठेवत नाहीत. माझं गेलेलं झाड तेच. एप्रिलमध्ये, हो एप्रिलमध्ये, गेटचं काम करणारा माणूस "उद्या कॉलम भरतोय" म्हणाला म्हणून आम्ही संध्याकाळी खणायला घेतलं, गोळा छान गोल कोरला, दोघांनी खोडाला धरून उचलला आणि सगळी माती भुस्सकन खाली, हातात नुसता झाडू. लावली तरी, आठ दिवस पानं हिरवी राहिली म्हणून मी खूशही होते, मग एका दुपारी सगळी एकदम करपली. तिची एकही फांदी मी आधी काढून ठेवली नव्हती. तो गुलबट-केशरी रंग नंतर तीन नर्सऱ्यांत शोधला, नाही मिळाला.

पारिजातक आणि सोनचाफा अशी झाडं मोठी झाली की ती कायद्याच्या दृष्टीने झुडूप नाही, झाड. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी न घेता झाड तोडता येत नाही, जागा तुमच्या मालकीची असली तरी. त्यामुळे खोड जाड असेल तर आधी पालिकेच्या उद्यान विभागात जाऊन विचारा, अर्ज करायला सांगितलं तर करा. मोगरा-जास्वंदीला कुणी विचारत नाही, पण बंगल्यातला पारिजातक रातोरात गायब झाला तर समोरचे आजोबा फोटो काढून तक्रार करतात, करावीच.

पायरी ३: टेप घेऊन बाहेर जा

हे कुणीच करत नाही आणि इथेच सगळा निकाल लागतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाची जाडी मोजा. जाडी जितके इंच, त्याच्या दहा ते बारा पट रुंदीचा मातीचा गोळा मुळांसकट निघायला हवा. म्हणजे खोड दोन इंच जाड असेल तर गोळा वीस ते चोवीस इंच रुंद, आणि खोली दीड फुटाच्या आसपास, कारण बहुतेक कामाची मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. दोन फूट रुंद, दीड फूट खोल ओल्या मातीचं वजन दीडशे ते दोनशे किलो भरतं. हा आकडा वाचून परत एकदा झाडाकडे बघा आणि मग घरात उचलायला माणसं किती आहेत ते मोजा, भाऊजींचा स्लिप डिस्क धरून.

बुडातून पाच-सहा फांद्या निघालेलं झुडूप असेल तर एकेक खोड मोजत बसू नका, झुडपाचा आडवा पसारा बघा. पसारा पाच फूट असेल तर आधी छाटून तीनवर आणा आणि मग त्याच्या बाहेरच्या कडेच्या जरा आत चर घ्या.

मोजून झालं की हेही बघा की चहूबाजूंनी तेवढं खणता येतंय का. एका बाजूला भिंतीचा पाया, दुसरीकडे पाण्याची लाइन असेल तर गोळा अर्धाच निघतो आणि अर्ध्या गोळ्यावर नखरेवालं झाड जगत नाही. खणण्याआधी पाइप, केबल, गॅसची लाइन कुठून जाते ते विचारून घ्या, आम्ही एकदा पहार मारली आणि झाडाऐवजी कारंजं निघालं, रविवारी प्लंबर मिळेपर्यंत तळमजल्यावर बादल्या.

पायरी ४: काहीही ठरवायच्या आधी त्याचं मूल काढून ठेवा

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. हलवा किंवा नका हलवू, गुटी बांधा, म्हणजे झाडावर असतानाच एखाद्या फांदीला मुळं फोडून घ्या. गुटीचं झाड म्हणजे तेच झाड, बी पेरल्यासारखं नवं काही नाही, फूल तेच, वास तोच, रंग तोच. आजीच्या हातचं झाड मरेल या भीतीने जे लोक वीस वर्षांचं ठोंब दोनशे किलो मातीसकट या गावाहून त्या गावी न्यायला निघतात त्यांना मी सांगते की आजीचं झाड पिशवीत मावतं.

करायचं असं. जून-जुलैमध्ये पेन्सिलच्या जाडीची, सरळ, निरोगी फांदी निवडा. शेंड्यापासून फूट-दीड फूट खाली, डोळ्याच्या जरा खालून, एक इंच रुंदीची साल गोल काढा, बांगडी काढल्यासारखी. सालीखाली एक बुळबुळीत हिरवट थर असतो तो चाकूच्या पाठीने खरवडून टाका, तो राहिला तर झाड साल परत जोडून घेतं आणि मुळं येतच नाहीत, पहिल्यांदा करणाऱ्यांची गुटी इथेच फसते. वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर चोळा. नर्सरीत मिळणारं शेवाळ भिजवून, मुठीत घट्ट पिळून त्या भागाला गुंडाळा, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि दोन्ही टोकांना सुतळी, पाणी आत जाऊ नये इतकी घट्ट. पाच ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. ती भरपूर झाली, जरा तांबूस झाली की गुटीच्या खालून कापा, कुंडीत लावा, पंधरा दिवस सावलीत. एक नाही, तीन बांधा. आमच्या अनंताच्या तीनपैकी दोन धरल्या, तिसरी मुंग्यांनी खाल्ली.

जास्वंद, तगर, रातराणीला गुटीचीही गरज नाही, नुसत्या फांद्या खोचल्या तरी लागतात. मोगऱ्याला दाब कलम सोपं, खालची फांदी वाकवून मातीत दाबायची, वर वीट ठेवायची आणि विसरून जायचं.

गुटी हातात आल्यावर परत विचार करा. कितीतरी जणांना तेव्हा कळतं की जुनं झाड हलवायची गरजच नव्हती, नव्या जागी ही गुटी लावली की दोन-तीन वर्षांत फुलणार आहे, आणि जुनं आहे तिथे बरं आहे.

पायरी ५: नवी जागा झाडाआधी तपासा

ऊन मोजायला ॲप वगैरे नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ पासून दर दोन तासांनी त्या जागेचा फोटो काढा. जास्वंद, मोगरा, गुलाब, बोगनवेल यांना पाच-सहा तास सरळ ऊन हवंच, अनंताला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली आवडते.

मग खड्डा घ्या, पाण्याने काठोकाठ भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जिरलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी बेडूक बसलेला असेल तर ती जागा सोडा किंवा वाफा फूटभर उंच करून घ्या. देशावरच्या काळ्या मातीत हे फार होतं, कोकणात जांभ्यात उलटं, पाणी थांबत नाही पण दोन फुटांखाली कातळ लागतो.

पायरी ६: कधी

फेब्रुवारी ते मे विषय बंद. मुळं तुटलेल्या झाडाला वरून चाळीस अंशांचं ऊन, पानांतून पाणी उडतंय आणि खालून ओढायला मुळं नाहीत. ऑक्टोबर हीटमध्येही नको, फक्त गुलाबाचं वर सांगितलं तसं वेगळं. आपल्याकडे सदाहरित झाडांना पावसाळाच बरा, हवा दमट, आभाळ झाकलेलं, माती गरम, मुळं भराभर फुटतात. पण पावसाळा म्हणजे धो-धो पाऊस चालू असताना नव्हे. काळी माती चिंब ओली असेल तर गोळा चिखल होऊन गळतो आणि सुकी असेल तर ढेकळासारखा फुटतो, मधली जी अवस्था असते, मूठ वळली की वळते आणि टिचकी मारली की सुटते, तो वाफसा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, ते माती हातात घेऊन सांगतील. दोन-तीन दिवस उघडीप पडली की वाफसा येतो, तो दिवस धरायचा. कोकणात जुलैचा पाऊस कुणाचं ऐकत नाही, तिथे गौरी-गणपतीच्या सुमाराला पाऊस ओसरल्यावर करा.

घाई नसेल तर मुळं आधी कापून घेण्याचं वेळापत्रक माळीकाकांनी मला नक्षत्रांत सांगितलं होतं आणि ते फारच सोयीचं आहे. मृगाचा पाऊस पडला की झाडाभोवती अर्ध्या वर्तुळाचा चर, म्हणजे दोन बाजू उघड्या, दोन तशाच. पुनर्वसूत, म्हणजे साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, उरलेला अर्धा. आश्लेषा-मघात, ऑगस्टमध्ये, हलवायचं. यामुळे होतं काय, की झाड एकदम सगळी मुळं गमावत नाही आणि कापलेल्या टोकांना गोळ्याच्या आतच नवी बारीक मुळं फुटतात, जी झाडाबरोबर येतात. एरवी पाणी पिणारी खरी मुळं बाहेर लांबवर पसरलेली असतात आणि खणताना ती बहुतेक सगळी जमिनीतच राहतात. चर वीतभर रुंद, दीड फूट खोल, आणि कापून झालं की पालापाचोळा नि थोडं कंपोस्ट घालून सैलसर भरून टाकायचा. तगर-जास्वंदीला एवढं लागत नाही, अनंत, एक्झोरा, जुनी कामिनी यांना मात्र दोन महिने द्याच. गुटीलाही तेवढेच दोन महिने लागतात, त्यामुळे दोन्ही कामं बरोबर चालतात.

पायरी ७: हलवायचा दिवस

संध्याकाळी चारनंतर सुरू करा, नवा खड्डा आधी तयार हवा, गोळ्याच्या दुप्पट रुंद पण खोली गोळ्याएवढीच. झाडाची साधारण तिसरा हिस्सा छाटणी करा, आणि कळ्या-फुलं असतील तर सगळी काढा. माझा हात थरथरतो इथे, आईला मी त्या वेळी घरात पाठवते.

फांद्या सुतळीने वर बांधून घ्या, चर परत उघडा आणि खालून तिरकं आत शिरत जा. कुदळ झाडाच्या दिशेने मारायची नाही, बाहेरच्या बाजूने उभी धार लावायची. जाड मूळ लागलं तर पहारीने हिसकू नका, करवत घ्या. हिसकलेलं मूळ चिरफळतं आणि कुजतं, कापलेलं भरून येतं. अनंताच्या वेळी शेवटचं एक मूळ राहिलं होतं, अगदी मधोमध सरळ खाली गेलेलं, माझ्या अंगठ्याहून जाड. माळीकाका पालथे झोपून चाचपत होते, म्हणाले, "ताई, हे एकच धरून बसलंय." करवत पुरत नव्हती, मग हॅकसॉचं जुनं ब्लेड फडक्यात धरून घासलं, आणि ते सुटलं तेव्हा अख्खा गोळा बोटभर बसला, इतका हळू की फक्त पानं हलल्यामुळे कळलं.

मग गोळा एका बाजूला कलता करा, ओलं गोणपाट अर्धं गुंडाळून खाली सरकवा, दुसऱ्या बाजूला कलता करून बाहेर ओढा, आणि वर आवळून सुतळीने बांधा, पुडी बांधतात तसं. उचलायचं ते गोणपाटाला धरून, खोडाला हात लावायचा नाही, बोगनवेलीचं वर सांगितलंय. अंतर लांब असेल तर उचलूच नका, ओढा. आम्ही चौकात पडलेला वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणला, त्यावर गोळा ठेवला आणि चौघांनी घराच्या मागे ओढत नेला, कुणा भावी नगरसेवकाच्या चेहऱ्यावरून.

खड्ड्यात ठेवताना आधी खोडावरची जुनी मातीची खूण बघा, तेवढंच बाहेर राहिलं पाहिजे, खोल गाडलं तर खोड कुजतं. गोणपाट तागाचं असेल तर सुतळी सोडून तसंच राहू द्या, कुजून जाईल, प्लास्टिकचं पोतं असेल तर काढावंच लागेल. माती तीच भरा, फार तर चौथा हिस्सा कंपोस्ट आणि वाळवीची जागा असेल तर दोन मुठी निंबोळी पेंड. रासायनिक खत, डीएपी, युरिया काहीही नाही. अर्धं भरलं की पाणी घालून हवा बसू द्या, मग उरलेलं भरा. पायाने थयथया तुडवू नका. वर पालापाचोळा, खोडापासून चार बोटं लांब. वारा लागत असेल तर दोन बांबू.

पायरी ८: नंतरचे दिवस

दोन दिवसांत पानं मान टाकतात. इथे लोक घाबरून बादल्या ओततात आणि झाड पाण्याने मरतं, तहानेने नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नाही. पाऊस उघडला असेल तर एक दिवसाआड सकाळी, सावकाश, गोळ्यापर्यंत पोचेल असं. दुपारच्या उन्हात हिरवं शेड नेट बांधा, चारपाच आठवडे तरी.

पानं गळाली तर गळू द्या. झाड स्वतःच खर्च कमी करतंय. जिवंत आहे का ते बघायचं तर खोडावर नखाने थोडी साल खरवडा, खाली हिरवं ओलं दिसलं की आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर जरा खाली खरवडून बघा, खालून जिवंत असेल तिथवर छाटून टाका. आमचा अनंत पंधरा दिवसांत पूर्ण बोडका झाला होता, येणारे-जाणारे "गेलं हो" म्हणायचे, मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन नख मारायचे, इतकं की खोडावर पांढऱ्या खुणा पडल्या. एकतिसाव्या दिवशी बुडाशी तांदळाएवढा हिरवा ठिपका. पालवी फुटून चांगली दोन-अडीच महिने झाल्यावरच पहिलं खत, तेही शेणखत नाहीतर कंपोस्ट.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र डोळ्यात तेल घाला, झाड वरून सेट झालेलं दिसतं पण मुळं अजून खड्ड्याबाहेर गेलेली नसतात. एप्रिल-मेमध्ये तीनेक दिवसांनी भरपूर पाणी, वाळला पाला जाड थरात आणि जमलं तर परत शेड नेट. फुलांची अपेक्षा पहिल्या वर्षी ठेवू नका. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी तीन कळ्या आल्या, दोन गळाल्या, एक उमलली. तोवर बहिणीच्या डोंबिवलीच्या बाल्कनीतल्या गुटीला अकरा फुलं येऊन गेली होती आणि तिने प्रत्येकाचा फोटो पाठवला.

एक राहिलंच, जुना खड्डा त्याच संध्याकाळी बुजवा. सगळे दमलेले असतात, चहा होतो, "उद्या करू" म्हणतात, आणि रात्री अंधारात दूधवाला, पेपरवाला किंवा घरातलंच कुणीतरी त्यात पाय घालतं. आमच्याकडे मीच.